उघडी बाजू

इंग्लंडात नॉरफोकच्या दलदलीकाठी गावाचा किल्ला होता. तीन बाजूंना गारगोट्यांच्या भिंती, त्यांत लाल विटांचे पट्टे, आणि चौथी बाजू सताड उघडी. बांधणारा सरदार लढाईत मेला म्हणून तेवढी भिंत राहिली, असं गावात सगळे सांगत.

रूबेन थर्कटलनं बायकोची राख त्या उघड्या बाजूलाच सोडली होती. हिल्डा लहानपणी एकदा तळघरात कोंडली गेली होती. तेव्हापासून तिला बंद दार सोसत नसे. ऐन थंडीतही झोपायच्या खोलीचं दार उघडं असायचं. रूबेन कुरकुरला की म्हणायची, "तू घाल की अजून एक मोजा." शेवटी इस्पितळात तिनं एवढंच मागितलं, "मला कुठं कोंडू नकोस."

रोज दुपारी तो कुत्र्याला घेऊन तिथं जाई आणि तिला एक हाक मारी. हाक दलदलीवरून पलीकडे निघून जाई, परत येत नसे. त्याला तेच बरं वाटे.

मार्चमध्ये उत्खनन करणाऱ्या बाई आल्या. हा किल्ला नाहीच, रोमन फौजेचा तळ आहे, म्हणाल्या. सरदारांच्या कितीतरी आधीचा. चुन्यात विटांची लाल भुकटी कालवायची ही रोमनांचीच रीत.

"म्हणजे आमचा सरदार गेला म्हणा!" शेजारीण डोरीन हसली. "दरवर्षी जत्रेत मी त्याची बायको व्हायचे, बाई. विधवा केलीत की मला!" मग तिचं रूबेनकडे लक्ष गेलं आणि तिनं हसू आवरलं.

"ही बाजू तरी उघडीच होती ना?" रूबेननं विचारलं.

"छे हो, आजोबा! तळ कोण उघडा ठेवेल? इथंही भिंत होती. ढासळून दलदलीत गेली. आपण उभे आहोत ना, ते भिंतीच्या आत."

रूबेननं पायाखाली पाहिलं. राख इथंच सोडली होती.

दुसऱ्या दिवशी कुत्रा नेहमीसारखा कडेकडे धावला आणि मध्येच थबकला. मग नाक खाली घालून आडवा चालत राहिला, कुंपणाच्या कडेनं चालावं तसा. वारा चांगला सुटला होता. समोरची लव्हाळी पार वाकली होती. रूबेनच्या अंगाला वारा लागत नव्हता.

"हिल्डा!"

"हिल्डा," परत आलं. अगदी जवळून.

तो पुढं झाला. समोर दलदल दिसत होती, पाणी दिसत होतं, पाण्यावर बदकं होती. हात गार, खरखरीत कशाला तरी टेकला.

त्यानं ढकललं.

दोन्ही हातांनी ढकललं. अंगात बळ होतं तोवर ढकलत राहिला.

घरी आला तेव्हा डोरीन फिश-पायचं भांडं घेऊन दारात उभी होती.

"अरे, हात बघ तुझे! या वयात गवंडीकाम काढलंस की काय? धू आधी."

रूबेननं तळहात उलटे केले. चुना होता. विटांची लाल भुकटी घालून कालवलेला.

अजून ओला.