ओळख न दाखवणारी मुलगी

माझ्या मांडीवर सात लाकडी अक्षरं, मण्यांच्या दोन माळा, खरखरीत कागदातून कापलेला एक ‘ळ’ आणि एक रबरी बेडूक, एवढ्या वस्तू पडल्या होत्या. शिरूर-दौंड एसटीनं करकचून ब्रेक मारला आणि वरच्या फळीवरची पिशवी माझ्यावर उलटी झाली. माझं मोजून होईपर्यंत पिशवीचा मालक शेजारी वाकून उभा होता.

“लाकडी आठ पाहिजेत,” तो म्हणाला.

“सातच आहेत.”

“मग ‘क्ष’ तुम्ही ठेवून घेतला.”

“मी कशाला ठेवू?”

“आवडला असंल तर ऱ्हाऊ द्या… मी दुसरा कापीन.”

‘क्ष’ माझ्या ओढणीत अडकला होता. मी बीएस्सी झालेली मुलगी, पुरावा समोर आल्यावर वाद घालत नाही. मुकाट्यानं देऊन टाकला.

तो विनोद. न्हावऱ्याचा. पाबळला सुतारकाम शिकलेला, म्हणून अक्षरं त्यानंच कापलेली. मी निमोण्याची अंकिता. आणि आम्ही दोघं निघालो होतो एकाच ठिकाणी: दौंडला, स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर भरणाऱ्या एका प्रशिक्षण वर्गाला. वाचताना अडणाऱ्या, आकडे उलटे काढणाऱ्या, एका जागी न टिकणाऱ्या मुलांना कसं शिकवायचं, ते शिकायला. वर्षभरानं आम्ही शैक्षणिक थेरपिस्ट होणार होतो.

तिथं शिकवणाऱ्या मोनाली मॅडमनी सरावासाठी आमची जोडी लावली. एकानं मूल व्हायचं, एकानं थेरपिस्ट. विनोद कायम मूलच व्हायचा.

“बाळ, बोट फिरव. हे कोणतं अक्षर?”

“बाईंच्या नावातलं.”

“बाळ, माझ्या नावात ‘ळ’ नाही.”

“ ‘ळ’नं काहीच सुरू होत न्हाई, बाई. बिचारा कायम शेवटी.” तो खरखरीत कागदावरून बोट फिरवत राहायचा. “आता बघा… ‘जवळ’.”

मी मान खाली घालून नोंद करायचे: बालक विषयांतर करते. कान मात्र तापलेले असायचे.

महिन्याभरात आम्ही ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलो. तो मला लांबूनच कळायचा… दाट दाढी, निळ्या चौकड्यांचा शर्ट, डावा खांदा किंचित उतरता. दारात तो खांदा दिसला, की माझं पेन थांबायचं.

मग एका सोमवारी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. पलीकडे एक गुळगुळीत दाढी केलेला, बारीक केसांचा मुलगा बसला होता. पांढरा शर्ट. मी जाऊन विचारलं, “नवीन प्रवेश का?”

त्यानं वर पाहिलं. “मॅडम, चेष्टा बाजारात झाली की. पुन्हा कशाला?”

आवाज विनोदचा होता. अनोळखी तोंडातून ओळखीचा आवाज.

“दाढी… कधी काढली?”

“बहिणीच्या लग्नाला. पत्रिका द्यायला शिरूरच्या बाजारात आलो व्हतो. तुम्ही आन् तुमचे वडील मेथी घेत होता. मी दोन हातांच्या अंतरावर उभा राहिलो. तुम्ही बघितलं, मी हसलो. तुम्ही तोंड फिरवून पुढं गेला.”

‘तुम्ही’ परत आलं होतं. मला मेथी आठवत होती. तो आठवत नव्हता… अजिबात नव्हता.

“विनोद, खरंच, मी तुला पाहिलंच नाही.”

“बघितलं. वर्गात चालतंय, बाजारात वडलांदेखत आमच्या बौद्धवस्तीतल्या पोराला ओळख दाखवायची नसती. शाळेपासनं ठाऊक हाय मला. फकस्त तुमच्याकडनं वाटलं नव्हतं.”

त्यानं मॅडमकडे जोडी बदलून मागितली. मॅडम म्हणाल्या, आजचं एवढं होऊ द्या.

त्या दिवशी दृष्टीच्या चाचण्या होत्या. मॅडमनी आमच्याच वीस जणांचे प्रवेशाचे फोटो आणले होते. केस आणि कान काळ्या कागदानं झाकून फक्त चेहरे ठेवले होते. नावं लिहायची. कुणाचे अठरा बरोबर आले, कुणाचे वीस. माझे तीन.

मी हसले. “केस झाकल्यावर कोण ओळखणार?”

कुणी हसलं नाही. मागून सारिका हळूच म्हणाली, “अगं, अकराव्याला तू माझं नाव लिहिलंस. तो तुझाच फोटो हाय.”

मी फोटो परत पाहिला. दोन डोळे, एक नाक, एक तोंड. सगळं जागच्या जागी होतं. ती मी असल्याचं कुठंच दिसत नव्हतं.

“अंकिता,” मॅडम शेजारी येऊन बसल्या, “मला कशी ओळखतेस?”

“चष्मा. आणि बांगड्यांचा आवाज.”

“आईला?”

“चालीवरून.”

“आणि कुणी अनोळखी कपड्यांत, गप्प उभं असलं तर?”

आबांना, माझ्या वडलांना, एकेकाळी कळपातली प्रत्येक मेंढी तोंडावरून कळायची. मला आबा पागोट्यावरून कळतात. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं.

मॅडमनी सांगितलं, काही जणांच्या मेंदूत चेहरे टिकतच नाहीत, जन्मापासून. नजर चांगली, बुद्धी चांगली. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, त्यांच्या स्वतःच्याही. पुण्याला नीट तपासून घेऊ, म्हणाल्या. मी मान हलवली. पलीकडे विनोद माझ्याइतकाच पांढरा पडला होता.

जिन्यात त्यानं मला गाठलं.

“मी जात काढली.”

“काढलीस.”

“चुकलो.”

“थांब. सगळं ऐक.” मी कठडा घट्ट धरला. “ओळखलं असतं तर आबांसमोर हाक मारली असती. पण त्याआधी क्षणभर विचार केला असता. तुझं अगदीच चुकलं नाही.”

“आन् आता?”

“पुढच्या बाजाराला ये. दाढी नको, चौकड्या नकोत. खांदा सरळ ठेव. आणि तोंडातून शब्द काढू नकोस.”

“मग सापडणार कसा मी?”

“विचारत जाईन. नाव घेऊन… आबांसमोर.”

“अंकिता, लोक येडी म्हणतील.”

“तुला चालेल?”

“मला?” तो पहिल्यांदा हसला. “मी लवकर येऊन उभा ऱ्हातो.”

बाजार भरला होता. कांद्याच्या ढिगापाशी मी त्याच्या उंचीच्या एका माणसाला अडवलं. “तुम्ही विनोद का?” त्यानं पातीची जुडी पुढे केली. दुसरा बिचकून बाजूला झाला. तिसरा साध्या कपड्यांतला पोलीस निघाला. चौथा म्हणाला, “न्हाई, पण व्हायला तयार हाय.”

“काय चाललंय गं?” आबा पिशवी सावरत मागे आले.

“आबा, विनोदला शोधतीय. माझ्याबरोबर शिकतो. न्हावऱ्याच्या बौद्धवस्तीतला. मला चेहरे लक्षात राहत न्हाईत. आन्… मला तो आवडतो.”

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मग आबा म्हणाले, “यातलं आधी काय सांगायचं, तेवढं तरी शिकवत्यात का तिथं?”

पाचवा माणूस काही न बोलता निघून गेला. रसाच्या गाड्यापाशी एक जण ओठ घट्ट मिटून उभा होता. मी तो चेहरा नीट पाहिला, भुवया, नाक, हनुवटी… काहीच ओळखीचं नव्हतं.

“तुम्ही विनोद का?”

“व्हय,” तो म्हणाला. आवाज त्याचाच होता.

आबांनी त्याला केसांपासून चपलांपर्यंत पाहिलं. पिशवी गाड्याच्या कडेला टेकवली.

“तीन ग्लास,” त्यांनी रसवाल्याला सांगितलं. “एकात बर्फ नको.”

विचारले सहा. चुकले पाच. बरोबर एक.