राखाडी रेघ

माझ्या गॅरेजमध्ये दर आठवड्याला एकतरी माणूस येतो आणि तक्रार करतो की गाडी उशिरा ऐकते. मी त्याला स्टुलावर बसवून ठरलेलं भाषण देतो. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरणारा पंखा. तो फिरला की इंजिनात जास्त हवा कोंबतो. पण त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. पाय दाबला आणि गाडी उसळली, यांच्या मधल्या वेळेला लॅग म्हणतात. पंखा जितका मोठा तितकी ताकद जास्त, आणि वाट पाहणंही जास्त. लॅग कमी करता येतो, शून्य करता येत नाही. माणूस शहाण्यासारखी मान डोलावतो आणि सर्वांत मोठा टर्बो मागतो.

भावोजींनीही तोच मागितला होता. ताईचा नवरा म्हटल्यावर मी जरा कडकच बोललो, पण ते कुठले ऐकणार. "डॉक्टर, तू बसव, मी वाट पाहीन," म्हणाले. मला ते कायम डॉक्टर म्हणायचे. मी टर्बो बसवला. त्यानंतर गाडी वेग घेईपर्यंत मांजरीला बोलवावं तसं ते स्टिअरिंगवर झुकून "ये गं, ये गं" करायचे आणि ताई हसून बेजार व्हायची. घरी आले की हॉर्न कधी वाजवत नसत. गाडी फाटकासमोर उभी करून अॅक्सिलरेटरला दोन हलके टोले द्यायचे, ताई आतून किल्ली घेऊन निघायची.

काम संपल्यावर लॉगर काढून घ्यायचा असतो. काडेपेटीएवढा डबा. गाडीच्या संगणकाला जोडला की पाय किती दाबला, हवेचा दाब किती, वेग किती, सगळं क्षणाक्षणाला लिहून ठेवतो. मी तो डॅशबोर्डखाली विसरलो. माझ्यासारख्या रोज असे डबे जोडणाऱ्या-काढणाऱ्या माणसाच्याच हातून होईल अशी ही चूक.

बाराव्या दिवशी एका लांब ट्रकला मागे टाकताना समोरून टँकर आला आणि भावोजी गेले. गाडीची एक बाजू चेपली, इंजिनाला ओरखडाही नाही. चालकाचा अंदाज चुकला, असं कागदावर आलं.

डबा मी गुपचूप काढून आणला आणि त्यातली शेवटची फाइल एकदाच उघडली. पायाची रेघ सरळ माथ्यावर गेलेली. दाबाची रेघ तळाशी आडवी, दोन पूर्णांक एक सेकंद तशीच आडवी. मग फाइल संपते. मी वहीत २.१ एवढंच लिहिलं. आठवड्याने ताईने विचारलं, त्या दिवशीची काही नोंद आहे का. मी नाही म्हणालो.

आठ महिन्यांनी तिने गाडी माझ्याकडे पाठवली. दार, पत्रा सगळं नीट करून घेतलेलं. विकणार नाही म्हणाली, स्वतः चालवणार. "फक्त ती वाट पाहायला लावते ना, ती खोड तेवढी मोड." तिच्या पायाखालीही तोच टर्बो येणार होता, म्हणून हात आखडून चालणार नव्हतं.

आमच्या कामात चाचणीला दोघं लागतात. एकाने चालवायचं, दुसऱ्याने शेजारी लॅपटॉप घेऊन बसायचं आणि "दाब" म्हणायचं. ताईने हट्टच धरला, शेजारी तीच बसणार. बंद पडलेल्या गिरणीमागे एक सरळ, रिकामा रस्ता आहे. तिथे भर दुपारी आम्ही जायचो. दोन दिवसांत ती रेघा माझ्याइतक्या सराईतपणे वाचू लागली.

पहिला आकडा दोन पूर्णांक दोन. पाइपात धूर सोडून पाहिला, तर पाइप आवळणाऱ्या एका क्लॅम्पपाशी बारीक गळती. क्लॅम्प अर्धा फेरा सैल होता. तो धडकेने सैल झाला की माझ्याच हातून राहिला, हे कुणी सांगू शकणार नाही. ताईला मी काही बोललो नाही. क्लॅम्प घट्ट केला, मोठा टर्बो काढून धाकटा बसवला, हवेच्या वाटेतलं एक वळण कमी केलं. आकडा आला शून्य पूर्णांक पाच. जीव भांड्यात पडला.

माझी एक जुनी सवय आहे. नवी रेघ लाल काढायची आणि तिच्याखाली त्याच गाडीची आधीची रेघ राखाडी ठेवायची, म्हणजे फरक दिसतो. ते प्रोग्रॅम आपणहून करतो.

"ही राखाडी कसली रे?" ताईने विचारलं.

"जुनी टेस्ट," मी म्हणालो, आणि पडद्यावर पाहिलं. प्रोग्रॅमने आमच्या पहिल्या चाचणीऐवजी भावोजींची शेवटची फाइल उचलली होती. पण ती तळाशी आडवी नव्हती. पाय दाबल्यापासून अर्ध्या सेकंदात दाब वर चढला होता, माझ्या लाल रेघेला चिकटून.

गॅरेजमध्ये परतल्यावर मी तारीख पाहिली. तीच. वेळ तीच. मूळ डब्यात पाहिलं, तेच. चुकीची फाइल म्हणावी तर त्या तारखेची दुसरी फाइलच नव्हती. वहीत मात्र माझ्या अक्षरात २.१ होतं. आणि फाइल पूर्वी जिथे संपायची तिथे आता संपत नव्हती. अकरा सेकंद पुढे गेली होती. पाय हळूच वर आला होता, वेग स्थिरावला होता. ट्रकला मागे टाकून माणूस आपल्या बाजूला परत येतो, तेव्हा अशाच रेघा उमटतात.

माझं डोकं चालेना. दुसऱ्या दिवशी इंधनाचं गणित थोडं बदललं आणि लॅग शून्य पूर्णांक चारवर आणला. राखाडी रेघही चारवर. फाइल आता नऊ मिनिटांची होती.

मी काम थांबवलं. गाडी लिफ्टवर चढवली, बॅटरीची वायर सोडली, टर्बो काढून टेबलावर ठेवला. लॉगरचा डबा त्याच्या शेजारी, एकही तार न जोडलेला. सकाळी फाइल उघडली. सव्वीस मिनिटं.

रस्ता मला ओळखू येत होता. वेग दोनदा शून्यावर येतो ते दोन सिग्नल. मग शाळेसमोरचे तीन गतिरोधक, लागोपाठ. ते भावोजी नेहमी जरा जोरातच घ्यायचे, इथेही घेतले होते. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. आपण जे पाहिलं ते खोटं होतं, टर्बोने काही केलं नव्हतं, असं मानायला मन तयारच बसलं होतं. म्हणूनच मी ठरवलं की ताईला सगळं सांगायचं.

दुपारी तिच्या घरी गेलो. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि उभ्यानेच बोललो. "ताई, त्या दिवशीची नोंद आहे. मी खोटं बोललो. भावोजींनी पाय दाबला आणि दोन सेकंद गाडी आलीच नाही. टर्बो मी बसवलेला. क्लॅम्पसुद्धा सैल मिळाला."

ती लॅपटॉपसमोरच्या खुर्चीत बसली. मग म्हणाली, "दाखव."

मी फाइल उघडली. तिने खुर्ची पुढे ओढली आणि रेघेवर बोट ठेवलं. पाय. दाब. वेग.

"अरे, हे तर पुढे निघून गेलेत," ती म्हणाली.

"तसं नव्हतं, ताई. मी पाहिलंय. वहीत लिहिलंय."

आपला नवरा गेला, हे जगाला सांगत आठ महिने ती फिरली होती. आता ते मी तिला पटवत होतो, आणि माझ्याजवळ एका आकड्यापलीकडे पुरावा नव्हता.

तिचं लक्ष नव्हतं. बोट सरकत होतं. पहिला सिग्नल. दुसरा. शाळा. "किती वेळा सांगितलं, हळू घ्या म्हणून," ती पुटपुटली. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी वेग उतरला. ताईच्या गल्लीचं वळण आलं. वेग दहा, चार, शून्य.

इंजिन चालू होतं.

पायाच्या रेघेवर दोन छोटे उंचवटे उमटले. शेजारी शेजारी.

ताई उठली. खिळ्यावरची फाटकाची किल्ली काढली.

"ताई, गाडी माझ्याकडे लिफ्टवर आहे," मी म्हणालो. "टर्बो टेबलावर पडलाय."

"उशीर आता मी करतेय," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

मी तिच्या खुर्चीत बसून पडद्याकडे पाहत राहिलो. फाइल संपली नव्हती. पडद्याच्या उजव्या कडेला रेघा पुढे पुढे सरकत होत्या.

बाहेर फाटकाची कडी सरकली.

वेगाची रेघ शून्यावरून जराशी उचलली गेली. पाच, फार तर सहा सेकंद. मग सगळ्या रेघा एकदम तुटल्या, किल्ली फिरवून इंजिन बंद केल्यावर तुटतात तशा.

गाडीचं दार लागल्याचा आवाज मी ऐकला की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. पायरीवर ताईच्या चपला वाजल्या. ती आत आली, पण दार लावलं नाही. बाजूला सरून, हाताने ते धरून उभी राहिली, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तशी. मग तिने ते सावकाश लोटलं आणि मला म्हणाली, "डॉक्टर, जरा खुर्ची सोड."