झुलत्या फळीवरचा भार

भगवान सुतार माझा सोयरा. पदरचं घालून सांगणारा माणूस नव्हता, म्हणून सांगतो.

एकोणीसशे एकोणसाठ. सात मे, गुरुवार, अमावास्या. दिवे लागून तासभर झालेला. पनवेलच्या एका डॉक्टरांचा निरोप आला, म्हणून तो फळीचे दोर बघायला गेला. फळी त्यानंच बनवलेली. माणसाच्या लांबीची, चार दोरांवर आढ्याला टांगलेली. हृदय रक्त फेकतं तेव्हा अंगाला बारीक धक्का बसतो. माणूस निजला की फळी तेवढीच हलते आणि सुई कागदावर रेघ काढते. टोचायला नको, कापायला नको. रेघ उंच, तर रक्त भरपूर.

पंधरा दिवसांपूर्वी विचुंब्याच्या वीटभट्टीवरचा काळू कातकरी तिच्यावर निजला होता. रेघ मुंगीएवढी. डॉक्टर म्हणाले, याला ओझं नको. पण भट्टीवाल्या दाजीशेठनं दटावलं आणि डॉक्टरांनी ‘कामास योग्य’ लिहून दिलं. भगवान तिथंच होता. गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी डोक्यावरच्या विटांसकट काळू कोसळला. ‘शेठ, भार उतरवा’, एवढंच म्हणाला म्हणे, आणि गेला.

आणि आता अमावास्येच्या त्या संध्याकाळी दाजीशेठ स्वतः आला. छातीत धडधडतं म्हणून. निजला. रेघ चांगली उंच आली. शेठ हसला.

मग दोर करकरले. फळी बोटभर खाली आली.

भगवाननं गाठी चाचपल्या. घट्ट होत्या.

पुन्हा करकर. आणखी बोटभर. रेघ उतरली.

“छातीवर काय ठेवलंत?” शेठनं विचारलं.

“काय नाय ठेवलं, शेठ,” भगवान म्हणाला.

पुन्हा करकर...

डॉक्टर आणि भगवान, दोघांनी शेठला धरून ओढलं. हलेना. घाम नुसता वाहत होता.

“काळू...” शेठ पुटपुटला. “उतरव... भार उतरव...”

“माझंही चुकलं रे,” डॉक्टर रिकाम्या खोलीला म्हणाले.

फक्त करकर.

रेघ सपाट झाली.

त्याच क्षणी शेठ हलका झाला. दोघांनी उचलून भुईवर ठेवला. गेला होता.

महिन्याभरात डॉक्टर गाव सोडून गेले. जाताना तो कागद भगवानकडे देऊन गेले. मी पाहिलाय. सपाट रेघ चार बोटं जाते. शेठ भुईवर होता, फळी रिकामी होती... आणि तिथून पुढं वीतभर रेघ आहे. उंच, ठसठशीत. भार उतरलेल्या, धडधाकट माणसाची.