शेवटच्या डब्याचा दिवा

"हात लावू नका, भावोजी," वहिनी म्हणाल्या तेव्हा भावोजींचं बोट त्या डब्यापासून जेमतेम इंचभर लांब होतं.

टेबलावरच्या चिमुकल्या आगगाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीला मोहरीएवढं काहीतरी लाल चिकटलं होतं. भावोजींना वाटलं, रक्ताचा थेंब असावा. रक्त खोलीत होतंच. टेबलाच्या कडेला पक्क्या बसवलेल्या, कामाची वस्तू आवळून धरायच्या लोखंडी शेगड्यावर ते वाळून काळं पडलं होतं. रविवारी दुपारी चारला अण्णा त्या शेगड्याखाली पडलेले सापडले. आज बुधवार. अण्णा दवाखान्यात बेशुद्ध होते, आणि त्यांच्या सुनेला पोलीस उद्या सकाळी घेऊन जाणार होते.

"रक्त नाही. दिवा आहे," भिंग डोळ्याला लावून वहिनी म्हणाल्या.

वीस वर्षं विमा कंपनीसाठी जळक्या गोदामांत आणि बुडालेल्या तळघरांत नुकसानीची पाहणी केलेली ही बाई. आता लोकांच्या भानगडींची करत होती. भावोजी तिचे धाकटे दीर. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली, निवृत्त झाले आणि वहिनींची पिशवी धरू लागले. आपल्याला कमी कळतं याची त्यांना लाज नव्हती. ज्यांना सगळं कळतं असे साहेब त्यांनी बसमध्ये भरपूर पाहिले होते.

खोलीच्या तिन्ही भिंतींना लागून एक अख्खा मुलूख पसरला होता. उत्तरेकडच्या एका बर्फाळ देशातली नव्वद वर्षांपूर्वीची डोंगरी रेल्वे, शहात्तरपट लहान केलेली. दगडी कमानींचा पूल, बोगदा, नखाएवढ्या बाकांचं स्टेशन. सिग्नलवाल्याच्या घरामागे दोरीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा, निळ्यावर पिवळे ठिपके. अण्णा नकाशे काढणारे साधे ड्राफ्ट्समन. तो देश त्यांनी कधी पाहिला नव्हता. जुनी वेळापत्रकं, फोटो आणि नकाशे जमवून एकोणीस वर्षं एकट्याने हे उभं केलं होतं.

वहिनी टेबलाखाली शिरल्या आणि पितळेचा बारीक आकडा घेऊन बाहेर आल्या. डबे एकमेकांना जोडायचा. पुलावरच्या तिसऱ्या डब्याचं छपरही कोपऱ्यात टवकलं होतं.

"गाडी खाली पडली होती. कुणीतरी उचलून परत लावली."

"पोलिसांनी असेल."

"पोलिसांनी लावली असती तर इंजिन मधोमध आलं असतं."

फळीवर एक उघडलेलं पाकीट होतं. आत कापसावर तसेच पाच लाल दिवे. वहिनींनी एक कागदात गुंडाळून घेतला.

सून खालच्या खोलीत शिवणयंत्रापाशी बसली होती. नवरा दारात उभा राहून, ती तिथे नसल्यासारखा तिच्याविषयी बोलत होता. सकाळीच भांडली होती अण्णांशी, सगळ्या गल्लीने ऐकलं, आता मी कुणाला तोंड दाखवू, वगैरे. बाप मरणाच्या दारात, बायको तुरुंगाच्या, आणि या गृहस्थाला पडली होती स्वतःच्या तोंडाची. भावोजींना वाटलं, बस असती तर याला मधल्या स्टॉपला उतरवला असता.

"भांडले," सून म्हणाली. "खोली मागितली. दोन यंत्रं आणि मी, कुठे बसू सांगा ना. ते म्हणाले अर्धी घे. मी म्हटलं अर्ध्यात काय करू, तुमची आगगाडी शिवू? मग दोघंही हसलो. हसलेलं गल्लीला ऐकू गेलं नाही."

बाकीचं तिने हळूहळू सांगितलं. वर्षभर अण्णांचे हात फार थरथरत होते. शर्टाची बटणं रोज सकाळी तीच लावून द्यायची. तिच्या चिंध्या ते वर न्यायचे. तो निळा ठिपक्यांचा तुकडा तिच्याच हातून बिघडलेल्या एका फ्रॉकचा. गेली अकरा वर्षं दर रविवारी दातांचे डॉक्टर यायचे, त्यांनाही याच गाड्यांचं वेड. या रविवारी ते अडीचला फाटकातून बाहेर पडले, तिने खिडकीतून पाहिलं. तीनला या गाड्यांचे रंग आणि सुटे भाग विकणारा दुकानदार आला, बाहेरच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर पाकीट ठेवून तसाच गेला. सव्वातीनला ती मागे दोरीवरचे कपडे काढायला गेली. चारला चहा घेऊन वर गेली तेव्हा अण्णा पडलेले होते.

"आणखी काही वेगळं?"

"शनिवारी टपालाने परदेशातलं जाड मासिक आलं. ते बघितल्यापासून अण्णा गप्प होते. नीट जेवलेही नाहीत."

ते मासिक वर नव्हतं. वहिनींनी सगळ्या फळ्या पाहिल्या होत्या.

तिने फोन पुढे केला. अण्णा काही नवीन केलं की वरूनच तिला फोटो पाठवत. रविवारचा फोटो दोन पन्नासचा. पुलावर तीच गाडी, शेवटच्या डब्याची पाठ कोरी. खाली लिहिलं होतं, 'जुना दिवा हरवून आठवडा झाला. नवा आला की गाडी सोडू.'

वहिनींनी कागदातला दिवा तिच्या तळहातावर ठेवला. हा कुठे बसतो?

"इंजिनावर ना? पुढे?" सून म्हणाली.

दुकानदाराचंही उत्तर तेच होतं. "दिवा पुढेच असणार, मागे कशाला? मी विकतो, बाई, चालवत नाही." पाकिटात दिवे सहा असतात हे त्याने शपथेवर सांगितलं. गुडघा दाखवून म्हणाला, अण्णांचा जिना मी दोन वर्षांत चढलो नाही.

दातांच्या डॉक्टरांनी अर्धा तास बसवून ठेवलं. भावोजी भिंती बघत बसले. एका चौकटीत परदेशी मासिकाचं पान होतं. दगडी पूल, सिग्नलवाल्याचं घर, दोरीवर निळे ठिपक्यांचे कपडे, आणि खाली डॉक्टरांचं नाव. भावोजींना कौतुक वाटलं. डॉक्टरांनीही अगदी अण्णांसारखंच केलंय की.

डॉक्टर सौम्य माणूस. हात स्वच्छ, नखं तासलेली, बोटं दगडासारखी स्थिर. अडीचला निघालो, मग घरी झोपलो, असं ते म्हणाले. अण्णांचं नाव घेताना डोळे पुसले. सुनेबद्दल काही बोलणार नाही म्हणाले, आणि मग बराच वेळ तिच्याचबद्दल बोलले.

बाहेर पडल्यावर भावोजींनी त्या चौकटीचं सहज सांगितलं. वहिनी रस्त्यातच थांबल्या.

"ठिपके कोणते म्हणालात?"

"निळ्यावर पिवळे."

"भावोजी, आज चहा माझ्याकडून."

संध्याकाळी वरच्या खोलीत फौजदार, मुलगा, सून आणि डॉक्टर उभे होते. दुकानदार गुडघ्यामुळे जिन्याखालीच राहिला. त्याआधी वहिनींनी फौजदारांसमोर चिमट्याने शेवटच्या डब्याचा दिवा काढून पाकिटात ठेवला होता. का, ते सांगितलं नव्हतं.

"अण्णांना ही गाडी सोडायची होती," वहिनी म्हणाल्या. "दवाखान्यातून काय निरोप येईल माहीत नाही. तोवर आपण सोडू." त्यांनी बटणावर हात ठेवला.

इंजिन गुरगुरलं.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. आवाज चिडलेला होता, पोराने वही फाडल्यावर मास्तर चिडावा तसा. "शेवटचा दिवा कुणी काढला? त्याच्याशिवाय गाडी सुटत नसते. रविवारी मी..."

पुढचे शब्द तोंडातच राहिले. हात मात्र फळीवरच्या पाकिटापर्यंत पोहोचला होता.

वहिनींनी बटण बंद केलं.

"रविवारी तुम्ही काय, डॉक्टर?"

"रविवारी... होता. पाहिला होता मी."

"दोन पन्नासला नव्हता. हा अण्णांचा फोटो. आठवडाभर नव्हता. दिवे आले तीनला. आणि तुम्ही तर अडीचलाच गेलात."

मुलगा काहीतरी बोलायला गेला. फौजदारांनी त्याला गप्प केलं.

"पाकीट पायरीवर होतं, ते वर कुणीतरी आणलं," वहिनी म्हणाल्या. "दिवा बसवणं अण्णांच्या हातून शक्य नव्हतं, त्यांना शर्टाचं बटणही लावता येत नाही. सुनेचे हात बारीक, पण ती दिवा इंजिनावर लावते. दुकानदारही तेच सांगतो, आणि तो जिना चढत नाही. हा दिवा बरोबर मागे होता. डबेही बरोबर क्रमाने. गाडी पडल्यावर बसवलाय, आधी बसवला असता तर छपराआधी तोच उडाला असता."

"पण कशाला?" भावोजींनी विचारलं. "माणूस मेल्यासारखा पडलाय आणि हे दिवा लावतायत?"

"तुम्ही अजून रिकाम्या खोलीत 'पुढे सरका' म्हणता, कशाला? सवय. यांचीही अकरा वर्षांची. म्हातारा चक्कर येऊन पडला असं दिसावं म्हणून यांनी गाडी उचलून लावली. पुढचं हातांनी केलं. डोक्याला विचारलंच नाही."

डॉक्टर खुर्चीत बसले.

"निघताना तुम्हाला फळीवर ते मासिक दिसलं. ते पळवायला परत आलात. एकोणीस वर्षं एका माणसाने राबायचं, तुम्ही रविवारी येऊन फोटो काढायचे आणि खाली स्वतःचं नाव घालायचं. वर चौकट करून भिंतीला लावायचं. आणि घाव बसला की शिवणकाम करणाऱ्या बाईकडे बोट दाखवायचं. त्या पानावर दोरीवरचे कपडे आहेत, डॉक्टर. त्यांचं कापड कुणाचं, हिला विचारा."

सून दोरीकडे बघत होती. "माझ्या बिघडलेल्या फ्रॉकचं," ती म्हणाली.

शेवटी डॉक्टर बोलले, जमिनीकडे बघत. अण्णांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी मासिक छातीशी धरलं आणि एवढंच विचारलं, पुलाला कमानी किती, सांग. मला आठवेना. मी मासिक ओढलं, त्यांनी सोडलं नाही, म्हणून ढकललं.

"सतरा," सून म्हणाली.

फौजदार त्यांना घेऊन गेले. मासिक डॉक्टरांच्याच मोटारीत सापडलं.

थोड्या वेळाने दवाखान्यातून फोन आला. अण्णांनी डोळे उघडले होते, पाणी मागितलं होतं. मुलगा एकदम मऊ झाला. चल, रिक्षा बघतो, माझंही चुकलंच जरा, असं पुटपुटला.

सुनेने वहिनींकडून चिमटा घेतला, खाली वाकली, आणि सुईत दोरा ओवावा तसा एका दमात दिवा शेवटच्या डब्याच्या पाठीला बसवला.

"ही खोली अशीच राहील," ती नवऱ्याला म्हणाली. "माझी यंत्रं तुमच्या खोलीत लागतील. तुमचा पलंग कुठे टाकायचा ते तुम्ही बघा. आता सरका, मला अण्णांचा धुतलेला शर्ट घ्यायचाय. बटणं लावायला तिथे कुणी नाही."