सातनंतर बंद

धम्मप्रिया नांदेडहून निघाली तेव्हा काम साधंच होतं. किनवटच्या जंगलातल्या एका मुलींच्या वसतिगृहात तिच्या कंपनीनं बसवलेला नेटवर्क स्विच म्हणे वेळ पाळत नव्हता. फोनला वीज आणि बोलणं दोन्ही स्विचच्या एकाच वायरीतून जातं. कुठली जोडणी कधी बंद, कधी चालू, याचं वेळापत्रक एकदा भरून ठेवलं की पुढं हात लावावा लागत नाही. बहुतेकदा स्विचचं घड्याळ चुकलेलं असतं. ते नीट करायचं आणि परतायचं, एवढंच.

ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. सुट्टी लागून मुली गावी गेलेल्या. अधीक्षक गुरुबसप्पा फाटकातच उभा होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

"म्याडम, हॉलमधला फोन सांजच्याला सातला बंद होतो. मीच तसा लावून घेतलाय. पण बंद झाला की त्याच फोनवरून माझ्या क्वार्टरला रिंग येऊन राहिली. रोज."

"मुलींचा फोन बंद कशाला करता?"

"घरी फोन लावून रडत बसतात. शिस्त नको का?"

ऑफिसातल्या कपाटात स्विचचे हिरवे दिवे लुकलुकत होते. धम्मप्रियानं लॅपटॉप जोडला. घड्याळ बरोबर. वेळापत्रक बरोबर. चूक काही सापडेना.

"सातपर्यंत थांबा, म्हंजे कळंल," म्हणून गुरुबसप्पा कंदील आणायला गेला. स्वयंपाकघरातली धुरपताबाई चहा घेऊन आली. कप ठेवला, पण हलली नाही.

"घड्याळ काय बघतीस, माय? घड्याळाचा दोष न्हाई." तिनं दाराकडं पाहिलं, आवाज खाली आणला. "श्रावणात रेणुकाला मण्यार चावली. पोरी भुईवर निजत्यात. पोटात दुखतंय म्हनली, मग पापण्या मिटाय लागल्या, जीभ लुळी पडली... पोरींनी फोन उचलला, तर मुका. दाराला भायेरून कुलूप. बडवू बडवू हात सुजले लेकरांचे. सकाळी म्या कुलूप काढलं, तवा..."

पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "अन् चौकशीत ह्यानं काय सांगितलं? फोन चालू होता, पोरींनीच लावला न्हाई. त्या लेकरांना वाटतंय, आपल्यामुळंच मेली."

धम्मप्रियाचं डोकं सणकलं. चहा तसाच निवला. गुरुबसप्पा कंदील घेऊन परत आला तेव्हा तिनं नजर लॅपटॉपवरच ठेवली. वर पाहिलं असतं तर ओरडलीच असती.

बाहेर सागाच्या पानांची सळसळ थांबली. सात वाजले. हॉलच्या जोडणीचा दिवा विझला, अगदी ठरल्याप्रमाणे. तिनं रागानं ती वायरच उपसून हातात घेतली.

भिंतीपलीकडच्या क्वार्टरमध्ये फोन वाजू लागला.

"आला... बघा," गुरुबसप्पा पुटपुटला.

ती ताडताड क्वार्टरमध्ये गेली, मागोमाग तो. फोनच्या पडद्यावर नाव होतं: मुलींचा हॉल. तिनं स्पीकर लावला. खोलीभर तापानं फणफणलेल्या लेकराच्या अंथरुणासारखा कोंदट वास पसरला. फोनमधून श्वास ऐकू आला. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा, पहिल्यापेक्षा खोलातून ओढलेला. आणि त्यामागं लाकडावर आपटणारे इवलेसे कितीतरी हात.

व्हरांड्यापलीकडं हॉलचं दार सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

"बंद करा... कायमचा बंद करा, म्याडम!"

"त्या रात्री फोन बंद होता, हे चौकशीत सांगाल?"

"नोकरी जाईल माझी..."

"तिचा जीव गेला!" धम्मप्रियाचा आवाज फाटला. "आणि खापर पोरींवर फोडता? लाज नाही वाटत? वेळापत्रक कुणाच्या सांगण्यावरून लागलं ते उद्या मी जाऊन सांगते."

ती ऑफिसात आली, वायर परत खोचली आणि हॉलचं वेळापत्रक पुसून टाकलं. भिंतीपलीकडचा आवाज तोडल्यासारखा थांबला. मग गुरुबसप्पाची धांदल ऐकू आली. वरच्या साहेबांना फोन लावत असावा. मोबाइलला इथं रेंज नव्हतीच.

"म्याडम, फोन लागून नाही राहिला..." तो ओरडला. "म्याडम... हे दार बाहेरून..."

तिनं लॅपटॉपच्या पडद्याकडं पाहिलं. यादीत एक नवं वेळापत्रक होतं. ते तिनं भरलं नव्हतं. जोडणी अधीक्षकांच्या क्वार्टरची. बंद होण्याची वेळ आजची, सात. चालू होण्याचा रकाना कोरा. असा रकाना कोरा सोडला तर स्विच वेळापत्रक घेतच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुसायला तिचं बोट पुढं झालं. मग तिनं ते मागं घेतलं.

पलीकडून पुन्हा हाक आली नाही.