रिकामं घर

ही गोष्ट खरी आहे. आईशप्पथ! मी दहावीत आहे, वक्तृत्वात तालुक्यात पहिली आलेय. उगाच घाबरणाऱ्यातली मी नाहीच.

मे २००१. शिरड शहापूरजवळचा आमचा तांडा. भर दुपार, लाईट गेलेली. मी सात वर्षांची.

माझी निताआत्या पीएचडी करत होती. पाचशे वर्षांपूर्वीची इटलीतली चित्रं आणि आमच्या तांड्यावरचं भरतकाम, अशी तुलना. सगळी भिस्त एका ओढणीवर. माझी आजी, भिकाबाई, तिने मरायच्या आधी भरलेली. एकतीस आरसे, आणि कोपऱ्यात एका आरशाचं घर रिकामं.

आत्याने लिहिलं होतं, तिकडचे काही चित्रकार चित्र मुद्दाम अपुरं सोडायचे, तसंच आजीने हे घर मुद्दाम सोडलं.

पप्पा हसायचे. "मुद्दाम कशाचं! आई मेली म्हणून राहिलं ते."

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. बाहेरगावचे सर ओढणी बघणार होते. मग डिग्री, मग वसमतला कॉलेजात नोकरी.

घरात आम्ही दोघीच.

तेवढ्यात... टक.

दातांनी दोरा तोडावा तसं.

लोखंडी पेटीतून.

पेटीला कुलूप. चावी आत्याच्या गळ्यात.

तिने ओढणी काढली. आरसे मोजले...

बत्तीस.

रिकामं घर भरलं होतं. दोऱ्याचं टोक अजून ओलं होतं.

मी रडायला लागले. आत्या रडली नाही.

"कात्री दे."

"आजीनं केलं ना ते?"

"दे म्हणून राहिले ना, लेकरा."

तिने त्या बत्तिसाव्या आरशाचा एकेक टाका कापला.

डिग्री मिळाली. नोकरीही. पण त्या दिवसापासून तिच्या बोटांना काही कळत नाही. चहाचा कप पोळतो, तिला पत्ता नसतो. डॉक्टर म्हणतात, समदं बराबर हाय.

गेल्या रविवारी मी तिचा प्रबंध पहिल्यांदाच उघडला. ओढणीच्या फोटोखाली छापलेलं: एकतीस आरसे, एक घर रिकामं.

मी फोटोतले मोजले. दोनदा.

बत्तीस.

"आत्या, हे काहून असं?"

"सगळ्याच प्रतींत तसं झालंय. कॉलेजातल्या पण." तिचा आवाज एकदम सपाट. "कुणी मोजलं न्हाई अजून."

ती फोटोतल्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिली.

बोट उचललं, तेव्हा...

ते ओलं होतं.

तिला कळलंच नाही. आणि मी, एवढी बोलकी, अजून तिला सांगितलेलं नाही.