मागच्या खोलीतला गारवा

मे महिन्यातल्या त्या रविवारी सकाळी मी मावा जिलेबी आणायला बाहेर पडलो होतो. नाती यायच्या होत्या, सात वर्षांची गायत्री आणि चार वर्षांची परी. त्यांची आई, म्हणजे आमची दीपाली, मागच्या पावसाळ्यात तापानं गेली. त्यानंतर पोरी पहिल्यांदाच बऱ्हाणपूरला येत होत्या. जावई रितेश नेपानगरहून मोटरसायकलवर त्यांना सोडून गेला. जाताना हळूच म्हणाला, पुढच्या महिन्यात त्याचं दुसरं लग्न आहे, मग सगळे इंदूरला राहायला जाणार. मी ते बायकोला, मालतीला सांगितलं. ती पोरींना जिलेबी वाढत राहिली.

दुपारी लाईट गेली. कूलर घरघरत थांबला, आणि घर इतकं शांत झालं की बाहेर लूचा तापलेला वारा पत्र्यावर धूळ फेकतो तेही ऐकू यायला लागलं. मालती पोरींना घेऊन मधल्या खोलीत आडवी झाली होती. पुढच्या खोलीत खुर्चीवर माझा डोळा लागतो न लागतो, तोच पोरींचं हसू कानावर आलं. दबकं, तोंडावर हात ठेवून हसतात तसं. ते मागच्या खोलीतून येत होतं. दीपालीच्या. ती गेल्यापासून आम्ही ती खोली उघडली नव्हती.

मालती दारात येऊन उभी राहिली. "पोरी माझ्याजवळ नाहीत," ती म्हणाली.

मागच्या खोलीची कडी निघालेली होती. दार लोटलं तसा अंगावर गारवा आला. बाहेर शेचाळीस डिग्री, आणि बंद खोलीत माठाला हात लावावा तसं गार. खोबरेल तेलाचा वास. पोरी पलंगावर बसल्या होत्या. दोघींच्या दोन-दोन घट्ट वेण्या घातलेल्या. सकाळी आल्या तेव्हा केस मोकळे होते, आणि मालतीनं त्यांना हात लावला नव्हता.

"कोणी घातल्या?" मालतीनं विचारलं.

"आईनं," परी म्हणाली. गायत्रीनं मान खाली घातली.

मालती घाबरली नाही. ती फरशीवर बसली आणि दीपालीला शाळेसाठी उठवायची त्याच आवाजात म्हणाली, "दीपू... माझ्याशी बोल ना."

परीनं डोकं कलतं केलं, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखं.

"ती म्हणते, नानी रडते. म्हणून नाही बोलत."

मालतीनं घाईनं डोळे पुसले. "नाही रडत गं. बघ, नाही रडत."

"आणि आम्हाला म्हणते... तुम्ही दोघी माझ्यासोबत चला. तिकडे गरम नाही होत."

मी परीला उचललं. तिचे पाय बर्फासारखे होते. गायत्रीचा हात धरून वळलो, तर मालती दार अडवून उभी.

"राहू द्या ना थोडा वेळ. पोरी आहेत म्हणून ती आली. या गेल्या की..."

लग्नाच्या चाळीस वर्षांत तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशी तिला ढकलून बाहेर आलो. खरं सांगतो, दीपालीला मलाही एक गोष्ट विचारायची होती. तिच्या शेवटच्या रात्री मी दवाखान्यातून घरी झोपायला आलो होतो. ती एकटी होती. पण विचारायला थांबलो असतो, तर पोरींना मीही जाऊ दिलं नसतं.

रितेशला फोन करून, मालतीला बरं नाही असं सांगून, चारलाच बोलावून घेतलं. गायत्री पुढं बसली. परीला त्यानं सोबत आणलेल्या ओढणीनं स्वतःच्या पाठीशी बांधलं. निरोप द्यायला मालती बाहेर आली नाही. मी मागच्या खोलीत गेलो तेव्हा ती पलंगावर बसून होती. खोली आता बाकीच्या घरासारखीच तापली होती.

"तुम्ही तिला हाकललं," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी रितेशचा फोन आला.

"पोचलो, नाना. पण... परी मागे बसल्या बसल्या झोपून गेली. ओढणी रस्त्यात कुठे सुटून पडली ते कळलंच नाही. पोरगी तशीच झोपेत बसून आली, पडली नाही."

मी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"निघताना तिच्यावर पाणी सांडलं होतं का, नाना? फ्रॉक कमरेजवळ दोन्ही बाजूंनी तळहाताएवढा ओला आहे, आणि गार. एवढ्या लूत वाळला कसा नाही?"